न मारलेला शॉट: एअर पिस्तूलच्या पहिल्या मॅचसाठी मनाची तयारी

माझ्या पहिल्या मॅचचे ६० शॉट ३६ मिनिटांत संपले. वेळ ७५ मिनिटांची होती. शेजारच्या लेनवरची शाळकरी मुलगी तेव्हा कुठे तिसऱ्या सिरीजवर (दहा शॉटची एक सिरीज) होती, आणि मी पिस्तुलात सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण) घालून मागच्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते. तिने पिस्तूल उचललं, खाली घेतलं. पुन्हा उचललं, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा मारलं. सर मागून येऊन हळूच म्हणाले, "बस पकडायची होती का तुम्हाला?"

मॅचच्या आधी सगळ्यांनी मला एकच सांगितलं होतं, "मन शांत ठेव." कसं ठेवायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझं मन काही शांत राहिलं नाही. पुढे दोन-तीन वर्षांत हळूहळू कळत गेलं ते इथे लिहिते आहे. दोन-चार महिने रेंजवर जाताय, सुरक्षिततेचे नियम अंगवळणी पडलेत आणि क्लबची किंवा जिल्ह्याची पहिली १० मीटर मॅच तोंडावर आली आहे, अशांसाठी हे आहे. उदाहरणं एअर पिस्तूलची आहेत. रायफलवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल. जॅकेटात शिजून निघण्याचं त्यांचं दुःख मात्र त्यांचं त्यांनी बघावं.

आधी एक हिशेब

६० शॉट, ७५ मिनिटं. म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. प्रत्यक्ष नेम धरलेला असतो तो फार तर आठ सेकंद. साठ वेळा आठ सेकंद म्हणजे आठ मिनिटं. उरलेल्या ६७ मिनिटांत पिस्तूल टेबलावर असतं आणि तुम्ही तुमच्या डोक्याबरोबर एकटे असता. तयारी करायची ती या ६७ मिनिटांची.

याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. पेलेट (छर्रा) घालून पिस्तूल उचलणं, नेम आणि शॉट हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. साठ शॉटची ३० मिनिटं. ४५ मिनिटं शिल्लक राहतात. एवढा वेळ नियमांनीच दिलेला असताना बिघडत चाललेला शॉट मारून टाकायची सक्ती कुणी केली आहे? आवडलं नाही तर पिस्तूल खाली घ्यायचं. नवख्याला मनाच्या तयारीत एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. बाकीच्या पायऱ्या तिच्याच आधाराने उभ्या आहेत.

चार आठवडे आधी: शॉट प्लॅन कागदावर उतरवा

स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या शब्दांत लिहा. दुसऱ्याचा प्लॅन पाठ केला तर ऐन वेळी आठवत नाही. माझा वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे, तो असा:

पेलेट. पाय. श्वास सोड. वर. खाली येताना पहिला दाब. पुढची साइट. दाबत राहा. सुटल्यावर एक, दोन. सातपर्यंत नाही सुटला तर खाली.

"वर" म्हणजे पिस्तूल टार्गेटच्या वर न्यायचं. तिथून अर्धा श्वास सोडत काळ्या गोलाखालच्या पांढऱ्या भागात सावकाश उतरायचं. उतरतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा घेऊन झालेला असतो. नजर पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर. काळा गोल धूसर दिसला पाहिजे. तो स्पष्ट दिसायला लागला तर समजा, डोळा साइट सोडून मार्कांकडे गेला. शॉट सुटल्यावर "एक, दोन" म्हणेपर्यंत हात तसाच ठेवायचा, म्हणजे फॉलो थ्रू.

शेवटची ओळ बहुतेकांच्या प्लॅनमध्ये नसते. सात-आठ सेकंदांनंतर रोखलेला श्वास जाणवायला लागतो, डोळा थकतो, दंड भरून येतो. मग साइट क्षणभर बरोबर जागी दिसली की डोकं ओरडतं, "आत्ता!" बोट झटका देतं आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचा शॉट बहुतेक वेळा खाली डावीकडे जातो. तुमच्या जुन्या कार्डांवर (कागदी टार्गेटांवर) त्या कोपऱ्यात भोकांचं झुपकं दिसत असेल, तर हात हलतो म्हणून स्वतःला दोष देऊ नका. ते सगळे "आत्ता!" आहेत.

खाली घेण्याचा सराव

हे ऐकायला सोपं वाटतं, करायला जड जातं. उचललेलं पिस्तूल न मारता खाली घेताना काहीतरी हरल्यासारखं वाटतं, शिवाय मागे उभे असलेले लोक बघतायत असंही वाटतं. म्हणून सराव करायचा. दहा चिठ्ठ्या करा, तीनवर "खाली" लिहा, डब्यात टाका. प्रत्येक उचलण्याआधी एक काढा. "खाली" आली तर सगळा प्लॅन पार पाडायचा, नेम धरायचा, आणि कितीही सुंदर बसलेला असला तरी न मारता पिस्तूल टेबलावर. पहिला आठवडा जिवावर येतं. दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठीशिवायच हात ओळखायला लागतो. वहीत रोज दोन आकडे लिहा: किती मारले आणि किती खाली घेतले.

याच काळात "कॉल"ची सवय लावा. शॉट सुटला की मॉनिटरकडे न बघता सांगायचं, कुठे गेला. "नऊ, उजवीकडे, थोडा वर." मग बघायचं. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर आकडा लगेच डोळ्यात घुसतो, त्यामुळे मॉनिटर थोडा वळवून ठेवा. दोरीवर कार्ड ओढून आणणाऱ्या जुन्या रेंज या बाबतीत नवख्यांसाठी बऱ्या, कॉल करायला आपोआप वेळ मिळतो. सुरुवातीला कॉल चुकतील. शॉट सुटताना तुम्ही खरंच तिथे होता का, एवढंच त्यातून कळायला हवं.

घरची भिंत

रोज वीस मिनिटं पुरे. कोरी पांढरी भिंत, टार्गेट नको. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री दोनदा करा, पेलेटची डबी दुसऱ्या खोलीत ठेवा, ड्राय फायरचा (पेलेटशिवाय नुसता ट्रिगर दाबण्याचा) मोड लावा आणि भिंतीसमोर नुसता प्लॅन चालवा. काळा गोल नसला की मार्कांचा विचार करायला जागाच राहत नाही, आणि बोटाचा झटका पुढच्या साइटच्या हलण्यात लख्ख दिसतो. क्लबचं पिस्तूल वापरत असाल आणि घरी आणता येत नसेल, तर एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली हातात धरा. वजन साधारण तेवढंच. शेजारचे काय म्हणतील याची सवयही त्यात होऊन जाते.

शेवटची पाच मिनिटं डोळे मिटून मॅच बघा. गळ्यात मेडल वगैरे नको. बॅग खाली ठेवताय, लेन नंबर शोधताय, टेबलाची उंची बदलताय, पंखा भलत्याच बाजूला आहे, पहिल्याच सिरीजमध्ये सहा आला, असं रोजच्यासारखं बघा. सहा आल्यावर पिस्तूल कसं ठेवलं, घाम कशाला पुसला, पुढची पेलेट कशी घेतली, इथवर बघा. डोळ्यांपुढे एकदा येऊन गेलेला सहा मॅचमध्ये आला तर निदान ओळखीचा असतो.

आणि थोडं दडपण विकत घ्या. आमच्याकडे शनिवारी दहा शॉटची पैज लागते, हरणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. वीस रुपयांच्या चहासाठी हात कसा थरथरतो ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. अभिनव बिंद्राने बीजिंग ऑलिंपिकच्या मोठ्या हॉलची सवय व्हावी म्हणून लग्नाचा हॉल भाड्याने घेऊन त्यात सराव केला होता. आपण निदान सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या क्लबच्या अनोळखी रेंजवर जाऊन एक सराव मॅच मारू शकतो.

गोळीबद्दल

कुणीतरी कानात सांगेल, "अमुक गोळी घे, हात हलत नाही." बहुतेक ती बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी असते. नेमबाजीत ही औषधं स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर, दोन्ही वेळा बंद आहेत. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी तीच दिली असेल तर परस्पर बंद करू नका. डॉक्टर आणि प्रशिक्षक दोघांना सांगा, आणि वैद्यकीय सवलतीचा अर्ज कसा करायचा ते मॅचच्या बरंच आधी विचारून घ्या.

आदला दिवस

काही नवीन करू नका. ग्रिप घासू नका, साइट बदलू नका, यूट्यूबवर बघितलेला नवा स्टान्स तर मुळीच नको. वीस-पंचवीस ड्राय, बास. बॅग रात्रीच भरा: ओळखपत्र, पेलेट, सेफ्टी फ्लॅग, कानाचे प्लग, पेचकस, रुमाल, पाणी, वही. चहाचं म्हणाल तर रोज जेवढा घेता तेवढाच. मी एकदा "हात हलतो" म्हणून मॅचच्या सकाळी चहा सोडला आणि तिसऱ्या सिरीजपासून डोकं ठणकायला लागलं. आमच्यातल्या एकाने जाग यावी म्हणून तीन कप घेतले, त्याची पुढची साइट मोबाइलसारखी थरथरत होती.

झोप लागली नाही तर लागली नाही. आडवे पडून राहा. एका रात्रीच्या कमी झोपेने मॅच जात नाही, रात्रभर त्याची काळजी केली तर जाते.

मॅचच्या दिवशी

किमान एक तास आधी पोहोचा. तपासणीत एअर पिस्तूलच्या ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावून बघतात. ते उचललं गेलं नाही तर तिथल्या तिथे पेच फिरवावा लागतो आणि सकाळचं सगळं सोवळं मोडतं. घरून निघतानाच ट्रिगरचं वजन ५०० ग्रॅमपेक्षा थोडं जास्त ठेवलेलं बरं.

लेनवर गेलात की समोरच्या टार्गेटवरचा नंबर मोठ्याने वाचा. हसू नका. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराच्या) फायनलमध्ये शेवटच्या शॉटपर्यंत पहिला होता. तो शॉट त्याने शेजारच्या लेनच्या टार्गेटवर मारला. शून्य गुण, थेट आठवा नंबर. त्याने नंतर सांगितलं ते महत्त्वाचं आहे: एरवी तो आधी नंबर बघून मग खाली टार्गेटवर यायचा, त्या शॉटला तो स्वतःला शांत करण्यात गुंतला होता आणि नंबर बघायचा राहिला. मला "मन शांत ठेव" सांगणाऱ्या प्रत्येकाला मी आता ही गोष्ट ऐकवते. शांत होणं हे काम नव्हे, नंबर बघणं हे काम आहे. छाती धडधडत असतानाही नंबर बघता येतो.

तयारीची १५ मिनिटं

मॅचच्या आधी तयारी आणि सायटरसाठी, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या शॉटसाठी, १५ मिनिटं मिळतात. सायटर हवे तितके मारता येतात, त्यामुळे नवखे दहाच्या मागे लागतात. दहा आला की हरखतात, पुढच्याला आठ आला की खचतात, आणि मॅच सुरू व्हायच्या आधीच दमतात. सायटर हे चौकशीसाठी असतात. उजेड कसा आहे, साइट जागेवर आहे का, आज हात कुठे जाऊन थांबतोय? बीजिंगला २००८ मध्ये फायनलच्या सायटरमध्ये बिंद्राचे शॉट भलतीकडेच जायला लागले. साइट हलली होती. त्याने ती परत जागेवर आणली, आणि त्याच फायनलचा शेवटचा शॉट १०.८ होता. सायटरकडे तो मार्क म्हणून बघत बसला असता तर कठीण होतं.

शेवटची दोन मिनिटं काही मारू नका. पिस्तूल टेबलावर, फ्लॅग आत, बसून घ्या. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं चार-पाच वेळा. जादू होत नाही. ठोके थोडे उतरतात, एवढंच.

पहिला शॉट

"मॅच फायरिंग, स्टार्ट" ऐकू आलं की काय होतं ते आधीच सांगून ठेवते. तोंड कोरडं पडतं. ठोके गळ्यात जाणवतात. पुढची साइट नाडीबरोबर नाचायला लागते आणि वाटतं, आज काही खरं नाही. अशा वेळी आकडे आठवा. पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, आणि सातपर्यंतचा सगळा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा. हाताची थरथर वाटते तेवढी मोठी नसते. थरथरत्या हाताने बोट सरळ मागे आणलं तर आठ-नऊ सहज येतात. पाच-सहा येतात ते थरथरीला घाबरून दिलेल्या झटक्याने.

माझा स्वतःचा एक नियम आहे आणि तो मी प्रत्येक नवख्याच्या गळी उतरवते: मॅचमध्ये पहिल्यांदा उचललेलं पिस्तूल मी मारत नाही. कितीही छान बसलेलं असो, खाली. मग श्वास, मग दुसऱ्यांदा वर. पहिली धडधड त्या न मारलेल्या शॉटमध्ये निघून जाते, आणि खाली घेण्याची परवानगी आहे हे हाताला सुरुवातीलाच कळतं.

सहा आल्यावर

सहा येणारच. तेव्हा काय करायचं याचा क्रम ठरलेला असू द्या. पिस्तूल टेबलावर. हात मोकळा. नजर मॉनिटरवरून काढून जमिनीवर. तळहात पुसा. एक घोट पाणी. मग स्वतःला एकच प्रश्न: प्लॅनमधली कुठली ओळ सुटली? उत्तर एका शब्दात द्या, "साइट" किंवा "श्वास" किंवा "सात". उत्तर मिळालं नाही तर शोधत बसू नका, पेलेट घाला. जास्त बिघडलं असेल तर पिस्तूल सुरक्षित करून मागे खुर्चीत दोन मिनिटं बसा. घड्याळ चालू राहतं, पण तुमच्याकडे ४५ मिनिटं शिल्लक होती, आठवतंय ना?

दोन गोष्टी टाळा. एक, पुढच्या शॉटने भरपाई करणं. तुमच्या या मॅचमध्ये एका शॉटला दहाच्या वर गुण नाहीत, भरपाई होतच नाही. दुसरी, बेरीज. "आता उरलेले सगळे नऊ आले तर ५३०" असा हिशेब डोक्यात सुरू झाला की समजा दुकान उघडलं. मॉनिटरवर एकूण बेरीज दिसत असेल तर त्या कोपऱ्याकडे बघणं टाळा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत एमन्सच्याच प्रकारात, ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये पुढे होता. उभ्या स्थितीत एक ७.६ लागला आणि तो चौथा आला. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकला तो पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवा होता. फायनल गुडघ्यावरच्या स्थितीत सुरू झाली, तो मागे होता, नंतर झोपून थोडा वर आला, आणि ४५१.४ गुणांचं ब्राँझ त्याने मिळवलं ते त्याच उभ्या स्थितीत.

पिस्तूलच बिघडलं तर? मोकळा हात वर करा, पिस्तूल रेंजच्या दिशेनेच ठेवा आणि रेंज ऑफिसरची वाट बघा. स्वतः खोलू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात मॅच चालू असताना बिघाड झाला, दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली, आणि ५७५ गुणांवर १२ वी येऊन तिची फायनल हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन ब्राँझ जिंकली. बिघाडाची रंगीत तालीम क्लबमध्ये एकदा जरूर करा: मित्राला मॅचच्या मध्ये कधीही "थांब" म्हणायला सांगा, पाच मिनिटं बाहेर बसा आणि परत येऊन पहिल्या ओळीपासून प्लॅन सुरू करा.

शेवटचे दहा

पन्नासाव्या शॉटनंतर मन घरी जायला निघतं. रिक्षा मिळेल का, फोन कुणाला करायचा, स्टेटसला काय टाकायचं. घड्याळ बघा. पंधरा मिनिटं असतील तर सुखाने मारा, खाली घ्यायलाही वेळ आहे. पाचच उरली असतील तर खाली घेणं कमी करावं लागेल, मात्र प्लॅनची एकही ओळ गाळू नका. एमन्सचंच पुढे सांगते. २००८ ला बीजिंगमध्ये तो पुन्हा शेवटच्या शॉटला ३.३ गुणांनी पुढे होता. रायफल खाली उतरत असताना, टार्गेटवर पोहोचायच्या आधीच बोट ट्रिगरला लागलं. ४.४. चौथा नंबर. तोच माणूस २०१२ ला लंडनला गेला आणि त्याच प्रकारात ब्राँझ घेऊन आला.

मॅच संपल्यावर

फ्लॅग लावून, सामान आवरून, फोन उघडण्याआधी वही उघडा. अर्ध्या तासाने आठवण स्वतःची बाजू घ्यायला लागते. गुण सगळ्यात शेवटी लिहा. माझ्या दुसऱ्या मॅचच्या पानावर वरच्या तीन ओळी अशा आहेत:

वेळ ७१ मिनिटं.
खाली घेतले १४, त्यातले ५ पहिल्याच सिरीजमध्ये.
घ्यायला हवे होते, पण मारले: ३. (६, ७, ६.)